नव्याने बांधलेल्या जुन्या बुलेटच्या इंजिनात ठोका आला, तर आतले नुकसान कसे ओळखावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी लोखंडी सिलिंडरची, उजव्या पायात गिअर असलेली जुनी बुलेट 350. फुल इंजिन काम झाले आहे: सिलिंडर रिबोअर करून, म्हणजे आतले भोक मोठे कापून, 20 थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे सुमारे 0.5 मिमी ओव्हरसाइज पिस्टन घातला, बिग एंडचे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या खालच्या टोकाचे किट बदलून क्रँक नव्याने भरून घेतली आणि हेडमध्ये वाल्व घासून बसवले (लॅप केले). पहिले तीनशे-साडेतीनशे किलोमीटर गाडी चांगली चालली. त्यानंतर इंजिन तापले की चढावर ठोका ऐकू येऊ लागला, ॲक्सिलरेटर पिळल्यावर निळसर धूर दिसू लागला आणि ऑइल बदलताना त्यात चंदेरी चमक आढळली. मेकॅनिकचे म्हणणे असे, की रॉकरपर्यंत, म्हणजे वाल्व दाबणाऱ्या वरच्या दांड्यांपर्यंत ऑइल येते आहे म्हणजे ऑइल पंप ठीक आहे, आणि पिस्टनचा आवाज रनिंग झाल्यावर बसेल.

गाडी आता चालवू नका. नव्या इंजिनातला जो आवाज खरोखर बसणारा असतो, तो दर शंभर किलोमीटरला कमी होत जातो. जो आवाज आधी नव्हता, मग आला आणि वाढतो आहे, तो बसत नाही. त्यातच तो तापल्यावर आणि भार आल्यावर वाढत असेल, तर बिग एंडवर संशय घेणे भाग आहे, आणि बिग एंड पूर्ण गेल्यावर कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेसच फोडू शकतो. आज जे काम पिस्टन आणि बेअरिंगवर भागेल, ते तेव्हा भागणार नाही.

पण इंजिन लगेच खोलूही नका. आतल्या नुकसानीबद्दलची निम्मी माहिती न खोललेल्या इंजिनातच मिळते, आणि पहिला नट सैल केल्यावर ती कायमची जाते. ऑइल कोठे पोहोचत होते, दाब कोठून निसटत होता, आवाज कोणत्या बाजूचा होता, या गोष्टी टेबलावर पसरलेल्या सुट्या भागांवरून नंतर सांगता येत नाहीत. त्यामुळे तपासणीला अर्धा दिवस द्या.

या तपासणीमागचा विचार आधी स्पष्ट करतो. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या इंजिनात ठोका आला, तर झीज हे पहिले कारण धरावे लागते. साडेतीनशे किलोमीटरमध्ये मात्र चांगला भाग झिजत नाही. येथे कारण जवळजवळ नेहमी याच कामात हात लागलेल्या ठिकाणी सापडते: एखादे माप चुकलेले असते, एखादा भाग उलटा किंवा वाकडा बसलेला असतो, आत घाण राहिलेली असते, किंवा ऑइलचा मार्ग कोठेतरी अडलेला असतो. म्हणून खराब झालेला भाग शोधून तो बदलला एवढ्याने काम संपत नाही. तो कशामुळे खराब झाला हे सापडले नाही, तर नवा पिस्टनही तितकेच किलोमीटर चालेल.

आता रॉकरवरच्या ऑइलचा मुद्दा, कारण आपल्या गाडीच्या बाबतीत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तेथेच अनेक अनुभवी माणसे फसतात. या इंजिनाची ऑइलची टाकी क्रँककेसच्याच ओतीवात मागच्या बाजूला आहे आणि पंप दोन आहेत. फीड पंप टाकीतले ऑइल घेऊन ते फिल्टरमधून टायमिंग कव्हरात, तेथून क्रँकशाफ्टच्या उजव्या टोकातल्या छिद्रात आणि क्रँक पिनमधून बिग एंडपर्यंत पाठवतो. बिग एंडमधून उडणाऱ्या ऑइलवरच सिलिंडरची भिंत, पिस्टन आणि स्मॉल एंड (रॉडचे पिस्टनकडचे वरचे टोक) यांचे वंगण अवलंबून असते. दुसरा, रिटर्न पंप, क्रँककेसच्या तळाशी साचलेले ऑइल उचलतो, आणि रॉकरला मिळते ते ऑइल या रिटर्न पंपाचे असते. त्यामुळे रॉकर ओला दिसला याचा अर्थ इतकाच, की तळाशी ऑइल येते आहे आणि रिटर्न पंप ते उचलतो आहे. ते ऑइल बिग एंडमधून खाली आले की वाटेतच कोठे गळून आले, हे त्यावरून कळत नाही.

वाटेत गळण्याची जागा ठरलेली आहे. टायमिंग कव्हरातून फिरत्या क्रँकशाफ्टमध्ये ऑइल शिरते तेथे कॉर्कची एक छोटी सील असते. कव्हर बसवताना ती फाटली, तिरकी दबली, किंवा जुनीच कडक झालेली सील पुन्हा वापरली, तर फीडचे ऑइल क्रँकमध्ये जाण्याऐवजी टायमिंगच्या कप्प्यात सांडते आणि तेथून तळाशी पोहोचते. रिटर्न पंप ते इमाने रॉकरपर्यंत चढवतो, टाकीची पातळी बरोबर राहते, बाहेर एक थेंबही दिसत नाही, आणि बिग एंड मात्र कोरडे पडत जाते.

फीडची तपासणी अशी करावी. टायमिंग कव्हरवर फीडच्या मार्गात एक प्लग असतो. इंजिन मंद गतीवर चालू ठेवून तो अर्धा-पाऊण आटा सैल करावा. ऑइल झिरपू लागले तर फीड पंप आणि फिल्टर इथपर्यंतचा मार्ग चालू आहे. ऑइल आले नाही तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे. पंपाच्या फिरत्या चकत्यांवर ओरखडे असणे, त्यांच्या खालची स्प्रिंग बसवायची राहणे, फिल्टरचा फेल्ट चुकीच्या क्रमाने बसवल्यामुळे वाट बंद होणे, किंवा जोडांवर सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉन पेस्टचा तुकडा छिद्रात अडकणे, ही नेहमीची कारणे आहेत. पेस्टबद्दल मी आग्रहाने सांगेन: कव्हर घट्ट केल्यावर जेवढी पेस्ट बाहेर आलेली दिसते, तेवढीच आतही गेलेली असते, आणि आतली पेस्ट सुटून ऑइलबरोबर फिरते. प्लगमधून ऑइल आले तरी कॉर्क सीलची खात्री पटत नाही, हेही ध्यानात ठेवावे, कारण ती त्या प्लगच्या पुढे आहे. तिची परीक्षा कव्हर काढल्यावरच होईल.

आपल्या या जुन्या रचनेचा एक मोठा फायदा म्हणजे इंजिनाचे ऑइल फक्त इंजिनाचेच आहे. गिअरबॉक्स वेगळा, क्लच आणि प्रायमरी चेनचे ऑइल वेगळे. बहुतेक आधुनिक मोटारसायकलींत क्लच आणि गिअर यांचा चुराही त्याच ऑइलमध्ये मिसळतो. येथे जो धातू सापडेल तो पिस्टन, सिलिंडर, क्रँक, कॅम, टायमिंग गिअर, पंप किंवा वाल्वच्या भागांचाच असणार. म्हणून ते ऑइल फेकू नका. इंजिन थोडे गरम असताना ते स्वच्छ भांड्यात काढा, पांढऱ्या सुती कापडातून गाळा आणि कापडावरचा गाळ पेट्रोलने धुऊन उन्हात पाहा. मग कापडाच्या खालून चुंबक फिरवा. चुंबकाबरोबर हलणारी काळसर बारीक भुकटी बहुधा सिलिंडरच्या लोखंडाची किंवा रिंगची असते, आणि पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ती थोडी असणे स्वाभाविक आहे. चुंबकाला चिकटणारे चपटे, चकाकणारे पापुद्रे मात्र कधीही स्वाभाविक नसतात; ते बेअरिंगच्या रोलरचे, कॅमचे किंवा टॅपेटच्या तळव्याचे असतात. पिवळसर कण स्मॉल एंड किंवा अन्य बुशचे असतात.

चुंबकाकडे न येणारी चंदेरी चमक पिस्टनच्या ॲल्युमिनियमची असू शकते किंवा बिग एंडच्या तरंगत्या बुशवरील मऊ धातूची. हा फरक ओळखण्यासाठी धुऊन कोरडे केलेले थोडे कण काचेच्या लहान भांड्यात घेऊन त्यावर कॉस्टिक सोड्याचे पाणी घालावे. ॲल्युमिनियम असेल तर बुडबुडे सुटून कण विरघळू लागतात. बेअरिंगचा मऊ धातू तसा फसफसत नाही. हे उघड्यावर, डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे घालूनच करावे, कारण हे द्रावण कातडी आणि डोळे जाळते आणि सुटणारा वायू हायड्रोजन असतो. आणखी एक साधी परीक्षा बोटांची आहे. गाळ चिमटीत चोळल्यावर वाळूसारखा खरखरला, तर रिबोअर आणि होनिंगनंतर (दगडाने भिंत घासून घेतल्यावर) सिलिंडर नीट धुतलेला नाही असे समजावे. नुसत्या पेट्रोलने पुसलेल्या बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकात, दगडाची पूड राहते. ती गरम पाणी, साबण आणि ब्रश यांनीच निघते.

आवाजाकडे वळू. येथे मी लोकांना सावध करतो, कारण आवाजावरून ठाम निदान करण्याची हौस फार आणि चुका त्याहून फार. आधी बाहेरची कारणे संपवा. प्रायमरी चेन ढिली असेल, डाव्या बाजूला क्रँकच्या टोकावरचा अल्टरनेटरचा रोटर स्टेटरला घासत असेल, किंवा त्या टोकावरचा नट सैल असेल, तर हुबेहूब बिग एंडसारखा ठोका येतो. चेनकेस उघडून हे तिन्ही पाहायला फारसा वेळ लागत नाही. मग इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. प्लॅटिनम पॉइंटची फट 0.35 ते 0.40 मिमी ठेवून, ॲडव्हान्स यंत्रणा पूर्ण रिटार्ड स्थितीत असताना, पिस्टन टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेच्या) 0.8 मिमी आधी असेल तेव्हा पॉइंट उघडू लागले पाहिजेत. टायमिंग फार पुढे असेल तर चढावर धातूवर खडे मारल्यासारखी टणटण येते. ती यांत्रिक ठोक्यापेक्षा बारीक असते, पण दुर्लक्ष केले तर पिस्टनच खाते.

आतल्या आवाजांपैकी पिस्टनचा स्लॅप, म्हणजे तो सिलिंडरच्या भिंतीवर आपटण्याचा आवाज, थंड इंजिनात जास्त असतो आणि तापल्यावर कमी होतो. टॅपेट आणि रॉकरचा टकटकाट क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा येतो, म्हणून तो इंजिनाच्या गतीच्या मानाने संथ वाटतो. स्मॉल एंडचा आवाज हलका आणि दुहेरी असतो. बिग एंडचा ठोका खोल असतो, ऑइल तापून पातळ झाले की वाढतो, आणि ॲक्सिलरेटर देताना किंवा सोडताना भार बदलतो त्या क्षणी सर्वांत स्पष्ट होतो. मेन बेअरिंगची घरघर कानापेक्षा फूटरेस्टवरच्या पायाला आधी कळते. आपण केलेले वर्णन पिस्टन स्लॅपशी जुळत नाही, कारण स्लॅप तापल्यावर वाढत नाही. मंद गतीवर लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक सिलिंडरच्या बुडाशी, मग क्रँककेसच्या दोन्ही बाजूंना टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावा. आवाज कोठे तीव्र होतो ते नोंदवा, पण निर्णय मापांवरच सोडा.

त्यापैकी एक माप न खोलता घेता येते. स्पार्क प्लग काढा, पिस्टन टीडीसीजवळ आणा, त्या प्लगच्या छिद्रातून एक सरळ काडी पिस्टनवर टेकवा, शक्य असल्यास तिच्यावर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे घड्याळ) लावा, आणि चेनकेस उघडा असतानाच क्रँकच्या नटावरून क्रँक अगदी थोडी पुढे-मागे डोलवा. क्रँक हलते पण पिस्टन काही अंश जागचा हलत नाही, आणि मग टक् असा आवाज होऊन हलतो, असे झाले तर तो ढिलेपणा स्मॉल एंड आणि बिग एंड यांचा एकत्रित आहे. नव्या कामात तो जाणवता कामा नये.

कॉम्प्रेशनच्या आकड्यात फार गुंतू नका; किक मारणाऱ्याच्या जोरावर आणि गेजवर तो बदलतो. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून दाब मोजा, मग प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. दाब बराच वाढला तर गळती रिंग आणि बोअरमधून आहे. वाढला नाही तर हेडमधून. कॉम्प्रेसर उपलब्ध असेल तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणून, वरचा गिअर टाकून मागचा ब्रेक घट्ट धरून, आत हवा सोडून ऐकणे अधिक खात्रीचे आहे. कार्बोरेटरमध्ये फुसफुस म्हणजे इनलेट वाल्व, ब्रीदरमधून म्हणजे रिंग. सायलेन्सरमध्ये ऐकू आली तर लगेच एक्झॉस्ट वाल्वला दोष देऊ नका: या हेडमध्ये डिकॉम्प्रेसरचा, म्हणजे किक मारताना दाब सोडण्याचा छोटा वाल्वही आहे, आणि त्याची केबल ताणलेली राहिली तर तोही त्याच मार्गाने हवा सोडतो. ॲक्सिलरेटर देताना निळा धूर येणे रिंगकडे बोट दाखवते. वाल्वचे गाइड (वाल्वचा दांडा ज्यात सरकतो त्या नळ्या) सैल असतील तर तो उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावर अधिक दिसतो. बरेच दिवस उभ्या गाडीतून किक मारल्यावर काही मिनिटे येणारा धूर मात्र टाकीतले ऑइल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरल्यामुळे असतो, आणि तो नुकसानीचा पुरावा नाही. प्लगच्या छिद्रातून जाणारा मोबाइलला जोडायचा कॅमेरा मिळाला, तर पिस्टन खाली असताना बोअरची भिंत पाहा. होनिंगच्या तिरक्या जाळीवर उभे चंदेरी पट्टे दिसले, तर पिस्टन किमान एकदा चिकटला आहे.

एवढे झाल्यावर इंजिन खोलावेच लागेल, असा माझा अंदाज आहे. खोलताना कोणताही भाग पाहण्याआधी धुऊ नका, आणि पिस्टनची पुढची बाजू खुणेने नोंदवून ठेवा. पिस्टनवरचे डाग येथे सर्वांत बोलके असतात. गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनच्या) दोन्ही अंगांना चार कोपऱ्यांवर घासल्याच्या खुणा असतील, तर पिस्टन आणि बोअर यांतली फट कमी ठेवल्यामुळे किंवा अति उष्णतेमुळे पिस्टन चिकटला आहे. केवळ पुढच्या आणि मागच्या दाबाच्या बाजूंना रुंद ओरखडे असतील, तर ऑइल कमी पडल्याचा संशय बळकट होतो. एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली असे तिरके डाग असतील, तर कनेक्टिंग रॉड वाकलेला आहे किंवा बोअर क्रँकशी काटकोनात झालेले नाही. पिनच्या टोकासमोर सिलिंडरवर खोल उभी चर असेल तर सर्क्लिप सुटली आहे. पिस्टनच्या माथ्याच्या कडेला बारीक खड्डे असतील तर ते अकाली स्फोटाचे काम आहे, आणि मग पुन्हा टायमिंग आणि पेट्रोलच्या मिश्रणाकडे जावे लागेल.

फटीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण लेथवर "टाइट ठेवा, रनिंगमध्ये मोकळे होईल" ही सूचना सर्रास दिली जाते आणि ती या इंजिनाला घातक आहे. 70 मिमीचा ॲल्युमिनियमचा पिस्टन 100 अंश सेल्सिअसने तापला, तर त्याचा व्यास सुमारे 0.16 मिमी वाढतो. तेवढ्याच तापमानवाढीने लोखंडी सिलिंडरचे बोअर जेमतेम 0.07 मिमी वाढते. म्हणजे दोन्ही सारखे तापले तरी 0.09 मिमीच्या आसपास फट नाहीशी होते, आणि प्रत्यक्षात पिस्टन सिलिंडरपेक्षा जास्त तापतो. पिस्टनचा आकार मुद्दाम किंचित लंबवर्तुळाकार आणि निमुळता ठेवून त्याची काही भरपाई केलेली असते, तरीही दोन थाउ, म्हणजे 0.05 मिमीवर बसवलेला पिस्टन घाटात चिकटला तर आश्चर्य नाही. पिस्टन बनवणाऱ्याने सांगितलेली फट प्रमाण मानावी. पिस्टनचे माप स्कर्टच्या खालच्या भागात, पिनशी काटकोनात घ्यावे, आणि बोअरचे माप तीन उंचींवर व दोन दिशांना घ्यावे. ताज्या बोअरमध्ये एक-दोन शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आढळला तर ते काम परत पाठवण्यासारखे आहे. रिंगची टोकांमधली फट बोअरच्या दर 25 मिमीला 0.1 मिमी या ढोबळ हिशेबाने येथे 0.3 मिमीच्या जवळ असावी. कॉम्प्रेशन रिंगवरची वरच्या बाजूची खूणही पाहावी, कारण उलटी बसलेली रिंग कितीही किलोमीटर चालवली तरी धूर थांबवत नाही.

ब्लॉक निघाल्यावर रॉड वरच्या टोकाला आणून दोन्ही हातांनी सरळ वर-खाली ओढून पाहा. बाजूला डोलणे ठीक आहे; वर-खाली टक् लागणे ठीक नाही. तेथे ढिलेपणा सापडला, किंवा पिस्टनचे डाग ऑइलच्या कमतरतेचे निघाले, तर केवळ पिस्टन बदलून ब्लॉक परत चढवू नका. टायमिंग कव्हर काढून कॉर्कची सील पाहा, पंपाच्या चकत्या पाहा, आणि कुपीने क्रँकशाफ्टच्या टोकातल्या छिद्रात ऑइल दाबून ते बिग एंडच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येते का ते बघा. येत नसेल तर क्रँक भरताना आतला मार्ग साफ केला गेला नाही, किंवा क्रँक पिनचे छिद्र फ्लायव्हीलच्या छिद्रासमोर आलेले नाही. दुसऱ्या प्रकारात क्रँक पुन्हा दाबून सुटी करण्याला पर्याय नाही. क्रँक बाहेर काढलीच असेल तर ती सेंटरमध्ये धरून दोन्ही शाफ्टवर डायल लावून घ्या, 0.05 मिमीपेक्षा जास्त फरक असलेली क्रँक नव्या बेअरिंगनाही टिकू देत नाही.

आपण दिलेल्या लक्षणांवरून माझे मत असे, की पिस्टन एकदा तरी चिकटलेला आहे, चंदेरी चमक आणि धूर त्याचाच आहे, आणि तापल्यावरचा ठोका बिग एंडचा असण्याची शक्यता मोठी आहे. दोन्ही एकाच वेळी बिघडले असतील, तर अपुरी फट हे एकटे कारण पुरत नाही, आणि टायमिंग कव्हरातल्या सीलकडेच माझे पहिले लक्ष जाईल. कॉस्टिक सोड्याच्या परीक्षेचा निकाल, फीड प्लगमधून ऑइल आले की नाही, पिस्टनवरच्या डागांची जागा, आणि पिस्टन व बोअर यांची मापे, एवढी माहिती आपण कळवली, तर पिस्टन वाचेल की पुढच्या ओव्हरसाइजवर जावे लागेल हे निश्चित सांगता येईल. परत बांधताना सील नवी घाला, फिल्टरचा कप्पा ऑइलने भरून मगच बंद करा, आणि स्पार्क प्लग काढून, फीडच्या प्लगमधून ऑइल दिसेपर्यंत नुसती किक मारत राहा. तोपर्यंत इंजिन सुरू करू नका.